वय झालं, असं म्हणण्याआधी

माणूस असो, बैल असो की यंत्र असो, त्याचा दम कमी पडू लागला की आपल्या तोंडून एक वाक्य अगदी सहज निघते : "आता वय झालं." हे वाक्य दयेचे वाटते, समजूतदारपणाचेही वाटते. ऐकणारा मान हलवतो आणि विषय तिथेच मिटतो. पण विषय मिटतो म्हणजे नेमके काय होते, आणि तो मिटवण्याचा आपल्याला कितपत अधिकार असतो, हा प्रश्न मला एका जुन्या जीपने घातला. म्हणून आधी त्या जीपची हकीकत सांगतो.

जीप वडिलांनी १९८९ साली घेतली. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, आणि गरज पडली तर चारही चाके ओढतील अशी सोय. खानापूर तालुक्याचा जांबोटी-कणकुंबीकडचा भाग ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे, त्यांना अशी गाडी का लागते हे सांगायला नको. मलप्रभेचा उगम आहे त्या कणकुंबीच्या परिसरात पाऊस लागला की शेताची वाट आणि ओढा यांत फरक राहत नाही. या जीपने भाताची पोती वाहिली, वऱ्हाडे नेली, दोन बाळंतिणींना रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवले. किलोमीटरचा आकडा २ लाख ८० हजारांच्या पुढे गेला आणि एके दिवशी काट्याची केबलच तुटली. त्यानंतर ती किती धावली याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर गोव्याहून परतत होतो. केरी सोडून चोर्ल्याचा घाट सुरू झाला आणि गाडीने मान टाकली. तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये आणली, दुसऱ्यातून पहिल्यात. पाय अगदी तळाला टेकलेला, तरी गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला. माथ्यावर आल्यावर सपाटीला मात्र ती मुकाट्याने धावू लागली, जणू काही झालेच नव्हते.

घरी आल्यावर पंचायत बसली. मुलगा म्हणाला, "बाबा, इंजिन बसलं तिचं. वय झालं. आता काढून टाकूया." शेजारचे म्हणाले, डिझेलमध्येच भेसळ असणार. चुलतभावाने तिसरीच शंका काढली. महिनाभरापूर्वी गावातल्या एका पोराने ऑइल बदलले होते, त्यानेच काही तरी बिघडवले असेल. मला ही तिसरी शंका पटली. पटली म्हणजे काय, सोयीची वाटली. दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला चार लोकांसमोर दोन शब्द सुनावले. तो काही बोलला नाही. खाली मान घालून पाना पुसत राहिला.

मग जीप खानापूरला आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. हे मिस्त्री हाताखालच्या पोरांशी कानडीत बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि इंजिनाशी बोलायचे झाले तर दोन्हींची सरमिसळ करतात. मी म्हणालो, "वय झालंय तिचं, इंजिन खोलावं लागेल ना?" ते म्हणाले, "नोडोण." म्हणजे बघूया. मग मला विचारले, "चढाला धूर कसला येतो, सर?"

मला सांगता आले नाही. इतकी वर्षे गाडी चालवली, पण चढावर मागे वळून धूर कधी पाहिला नव्हता. मग मिस्त्री स्वतः गाडी चालवायला बसले आणि मला एका पोराच्या मोटारसायकलवर मागे बसवून गावाबाहेरच्या चढावर पाठवले. धूर जवळजवळ नव्हताच.

मिस्त्रींनी समजावून सांगितले. डिझेल इंजिनला हवा कमी पडली तर डिझेल नीट जळत नाही आणि चढावर काळा धूर निघतो. मग एअर फिल्टर तुंबला का ते पाहायचे. निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हकडे संशय न्यायचा. पांढरा धूर राहिला तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन तपासायचे. "इथं धूरच नाही. म्हणजे बहुतेक इंजिनला पोटभर डिझेल मिळत नाही. उपाशी माणूस चढ कसा चढणार?"

तरीही त्यांनी एकदम पंपाला हात घातला नाही. आधी चारही चाकांचे ड्रम हाताने चाचपले. एखादा ब्रेक अडकून राहिला असेल तर तो ड्रम जास्त तापतो. तसे नव्हते. चढावर इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मात्र वाढत नाही, असे होते का, ते पाहिले. तसे असते तर क्लच घसरत असता. तेही नव्हते. मग पोराला पेडल पूर्ण दाबायला सांगून त्यांनी बॉनेटखाली पाहिले. पेडल तळाला गेले तरी पंपावरचा दांडा शेवटपर्यंत जात नव्हता, कारण मधले बुश झिजले होते. ते बदलले, थोडा फरक पडला. डिझेल फिल्टर बदलला, आणखी थोडा पडला. पण घाट चढेल एवढा नाही.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. पाच लिटरचा स्वच्छ डबा डिझेलने भरून बॉनेटच्या बाजूला उंचावर घट्ट बांधला आणि त्याची नळी थेट इंजिनाला जोडली. गाडीची टाकी, तिथून येणारी लाइन आणि डिझेल ओढणारा फीड पंप, हे सारे वगळले. त्याच चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. इंजिन तेच होते, वयही तेच.

दोष मग टाकीकडच्या बाजूला सापडला. टाकी उतरवली तेव्हा तळाशी पाणी, गंज आणि काळा गाळ निघाला. डिझेल उचलणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी या गाळाने लिंपली गेली होती. सपाटीला लागते तेवढे डिझेल तिच्यातून झिरपत होते. चढावर इंजिन जास्त मागू लागले की पुरवठा तोकडा पडायचा.

हे पाणी आले कुठून? मिस्त्रींनी विचारले, "टाकी कधी फुल्ल करता काय सर?" मी कधीच करत नाही. लागेल तसे दोनशे-तीनशे रुपयांचे डिझेल टाकायचे, ही माझी जुनी सवय. टाकी रिकामी राहिली की तिच्यातल्या दमट हवेचे पाणी होऊन आतल्या पत्र्याला धरते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते आणि पत्रा खाते. आमच्याकडच्या पावसाळ्यात चार-चार महिने ही गाडी अर्धपोटी उभी असायची. म्हणजे भेसळ कोणी केली नव्हती, त्या पोरानेही काही बिघडवले नव्हते. जीपला उपाशी ठेवणारा मीच होतो.

इथून पुढे जे म्हणायचे आहे ते जीपचे आहे आणि जीपपुरतेच नाही.

आपल्या न्यायशास्त्रात कारण कशाला म्हणावे याची फार बारकाईने चर्चा आहे. मडक्याचे उदाहरण तिथे नेहमी येते. माती, चाक, काठी, कुंभार ही मडक्याची कारणे. पण माती वाहून आणणारे गाढवही मडके घडण्याआधी तिथे हजर होतेच की. मग त्यालाही कारण म्हणायचे का? नाही, असे नैयायिक सांगतात. गाढव आधी होते एवढे खरे, पण त्याच्यावाचून मडके अडले नसते. अशाला त्यांनी 'अन्यथासिद्ध' असे नाव दिले. मी त्या पोराला बोललो तेव्हा या गाढवालाच कारण धरले होते. ऑइल आधी बदलले, गाडी नंतर मंदावली, एवढाच माझा पुरावा. जो शेवटी हात लावतो तो दोषी, हा न्याय आपण घरात, कचेरीत, गावात किती वेळा लावतो! आणि हात लावणारा गरीब असला, उलट बोलणारा नसला, तर तो न्याय आणखी पटकन लागतो.

मिस्त्रींचा डबा म्हणजे त्याच शास्त्रातला अन्वय-व्यतिरेक. एक गोष्ट असताना काय होते आणि ती काढून घेतल्यावर काय होते, दोन्ही पाहायचे. मिस्त्री शाळा सातवीपर्यंत शिकले आहेत. ही नावे त्यांना ठाऊक नाहीत, पण दोष लावण्याआधी तपासावे, हा त्यामागचा धर्म त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

आता "वय झालं" या वाक्याकडे येतो. जीपचे वय झाले म्हणजे कशाचे? तिचा रेडिएटर सहा वर्षांपूर्वीचा, क्लच प्लेट तीन वर्षांपूर्वीची, टायर गेल्या वर्षीचे. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे कोणता भाग? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजाला बोट ठेवता येत नाही. तसेच इथे. वय नावाला असते, बिघाड मात्र कुठल्या तरी एका ठिकाणी असतो. "वय झालं" म्हणताना आपण त्या ठिकाणाचा शोधच सोडून देतो. हे उत्तर खोटे असते असे नाही. पण देणाऱ्याला त्यानंतर काहीच करावे लागत नाही. जे उत्तर आपली मेहनत वाचवते त्याच्याकडे निदान एकदा तरी संशयाने पाहिले पाहिजे, असे मला आता वाटते.

असे वाटण्याचे खरे कारण जीप नाही. माझी आई शहात्तराव्या वर्षी दोन पायऱ्या चढून धापा टाकू लागली. देवळात जायची ती ओसरीवर बसू लागली. आम्ही सगळे म्हणालो, वय झालं. तीही म्हणाली, वय झालं रे. वर्षभर हे चालले. पुढे माझी बहीण माहेरपणाला आली. तिने हट्ट धरला आणि रक्त तपासले. हिमोग्लोबिन सात, आणि बी-१२ फारच कमी. जन्मभर शाकाहारी, त्यात म्हातारपणी दूधही सुटलेले. इंजेक्शने झाली, गोळ्या झाल्या. तीन महिन्यांनी आई काठी न घेता देवळात गेली. पुढे ती चार वर्षे जगली. पण ओसरीवर बसून काढलेले ते एक वर्ष आम्ही तिच्याकडून फुकट घेतले, हे मला टाकीतला गाळ पाहताना आठवले. मिस्त्रींना वाटले, सर खर्चाच्या विचारात पडले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वय हे असतेच. टाकी साफ झाल्यावर मिस्त्रींनी कॉम्प्रेशन मोजले. तीन सिलिंडर सारखे भरले, चौथा कमी. "हे मात्र वयच, सर," ते म्हणाले. "चालेल अजून, पण पूर्वीसारखी दहा माणसं घालू नका." मला हे ऐकून वाईट वाटले नाही. हे उत्तर तपासाच्या शेवटी आले होते, बाकी सगळे पाहून झाल्यावर उरले होते. जे पहिल्या तोंडाला म्हटले तर टाळाटाळ ठरते, तेच शेवटी म्हटले तर सत्य ठरते. आणि असे शेवटी उरलेले वय मानायचे नाही, हाही अन्यायच. दहा माणसे कोंबून तिला घाटात नेणे हा तिच्यावर आणि माणसांवरही अन्याय. तिचा धूर दुसऱ्याच्या छातीत जाऊ लागला तर तिला माझ्या मायेपायी रस्त्यावर ठेवणेही तसेच. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण आणले, त्यातही खासगी गाडीची नुसती वर्षे मोजलेली नाहीत, ती तंदुरुस्ती चाचणीत उतरते का हे विचारले आहे. मिस्त्रींचाही आग्रह हाच होता.

त्या ऑइलवाल्या पोराकडे मी गेलो. चार लोकांसमोर बोललो होतो, म्हणून चार लोक असतानाच गेलो. म्हटले, "चूक माझी होती. टाकीत गाळ होता." तो हसला आणि म्हणाला, "असू दे की सर." मग थोडे थांबून म्हणाला, "पण त्या दिवसापासून दोन गिऱ्हाइकं आली नाहीत." त्याची भरपाई मला आजवर करता आलेली नाही. माझी गाडी त्याच्याकडे देतो, ओळखीच्यांना पाठवतो. त्या दोघांपैकी एक परत आला, दुसरा आला नाही.

जीप अजून आहे. मृग लागायच्या आधी टाकी काठोकाठ भरतो. घाटात पाच जण असले तर ती दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढते, आणि मी अधूनमधून आरशात धूर पाहतो.