पोहोच मोजायची राहिली

समृद्धी महामार्ग नागपूरच्या पुढे गोंदियापर्यंत आणायची योजना आल्यापासून आमच्याकडच्या प्रत्येक भाषणात एकच हिशेब ऐकू येतो: नागपूर किती तासांवरून किती तासांवर येणार. बिरसी विमानतळावरून हैदराबादचं विमान सुरू झालं, तेव्हाही वाचणाऱ्या तासांचंच कौतुक होतं. मी गोंदियात अभियांत्रिकी शिकतो. गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं, त्यामुळे वेग मलाही आवडतो. पण वाहतूक सुधारली की नाही हे फक्त वेगावरून ठरवायचं, हा विचार तोकडा आहे आणि सालेकसा-देवरीकडच्या माणसावर अन्याय करणारा आहे.

हा विचार रुजला कसा, ते सगळ्यांना ठाऊक आहे. 1829 साली रेनहिलच्या चाचणीत स्टीफन्सनचं ‘रॉकेट’ जिंकलं. तिथं ओढ आणि भरवसाही तपासला होता, लोकांच्या लक्षात मात्र वेग राहिला. ब्रुनेलनं रुळांमधलं अंतर सात फुटांवर नेलं, तेही गाडी जोरात आणि स्थिर धावावी म्हणून. डलहौसीनं आपल्यासाठी साडेपाच फूट ठरवलं, मेयोच्या काळात खर्च आवरण्यासाठी मीटरगेज आलं. इथवर कुणाचा वाद नाही.

पुढच्या टप्प्याबद्दल मात्र जवळजवळ सगळेच चुकतात. नॅरोगेज म्हणजे पैसे नव्हते म्हणून बांधलेली दुय्यम रेल्वे, असं पाठ्यपुस्तकं सुचवतात आणि छोटी लाईन पाहिलेली माणसंही तेच म्हणतात. एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं बार्शी लाईट रेल्वे आखली, ती मात्र वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून. रूळ, पूल, भराव यांचा खर्च गाडीच्या एकूण वजनापेक्षा एका आसावर पडणाऱ्या भारानं जास्त ठरतो, हे त्यानं धरलं. मग इंजिनापासून डब्यापर्यंत प्रत्येक आसावर पाच टनांची मर्यादा घातली. चार आसांच्या वाघिणीचं वजन मालासकट वीस टनांपर्यंत जाऊ शकतं, तरी खालचा रूळ हलकाच पुरतो. रूळ हलका म्हणून पूल हलका, आणि मार्ग अरुंद म्हणून वळणं आखूड घेता येतात, डोंगर कमी फोडावा लागतो. तेवढ्याच पैशांत जास्त मैल, जास्त गावं. 1894 मध्ये लीड्सजवळ न्यूले इथं त्यानं आपल्या गाड्या चालवून दाखवल्या आणि 1897 मध्ये बार्शीची लाईन सुरू झाली.

मला हा फार मोठा बदल वाटतो. वेग किती मिळेल याऐवजी दिलेल्या खर्चात कुठवर पोहोचता येईल, हे त्यानं आधी ठरवलं आणि वेगाची मर्यादा जाणून-बुजून पत्करली.

आमची गोंदिया-नैनपूर-जबलपूर लाईन 1903 ते 1905 दरम्यान बार्शीच्याच अडीच फुटी मापात सातपुड्यात शिरली. त्यात परोपकार नव्हता. जंगलातलं लाकूड आणि बालाघाटकडचं मँगनीज बाहेर काढायचं होतं, दुष्काळाची वर्षंही नुकतीच सरली होती. पण हट्टा रोड, चारेगाव, लामटा इथल्या माणसाला बाजार, दवाखाना, कचेरी गाठता आली ती याच मापामुळे. गोंदियाला प्रत्येक पोतं छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत हलवावं लागे. तो खर्च आणि ती हमाली खरी होती, म्हणूनच ब्रॉडगेज होणं मला योग्य वाटतं. माझी तक्रार तिच्या कौतुकाबद्दल आहे. रुंदीकरणानंतर बहुतेक बोलणं उत्तर-दक्षिण अंतर किती घटलं याचं झालं. लामट्याहून बालाघाटला दिवसातून किती वेळा जाता येतं, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

साधं गणित करून पाहू. गाव तीस किलोमीटरवर आहे आणि एसटी सरासरी ताशी 40 नं धावते, म्हणजे 45 मिनिटं. रस्ता सुधारून वेग 60 केला तर 15 मिनिटं वाचतात. आता वेग तोच ठेवू, पण दोन तासांनी येणारी गाडी दर अर्ध्या तासानं सोडू. काम संपेल तेव्हा थांब्यावर येणाऱ्याची सरासरी वाट पाहणं एका तासावरून 15 मिनिटांवर येतं. वाचली 45 मिनिटं, म्हणजे तिप्पट. वर वेग वाढवण्याची किंमत वेगळीच: ताशी 80 वरून 120 वर गेलं की हवेचा अवरोध सव्वादोन पट होतो. हे आम्हाला दुसऱ्या वर्षालाच शिकवतात, तरी योजनांच्या चर्चेत थांब्यावरचा तास कुणी मोजत नाही.

पंतप्रधान ग्रामसडक योजनेनं 2000 पासून डांबर वस्त्यांपर्यंत नेलं, आदिवासी आणि डोंगरी भागात 250 लोकवस्तीच्या गावालाही पात्र धरलं. ही कॅलथ्रॉपच्याच वळणाची बुद्धी होती. त्या रस्त्यांवर त्यांना पेलतील अशा, वीस-पंचवीस आसनांच्या हलक्या बस वारंवार धावल्या असत्या तर तो विचार पुरा झाला असता. आज तिथं काळीपिवळी भरेपर्यंत थांबते आणि भरली की दारात माणसं लोंबकळतात.

समृद्धीवर दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही. त्या वेगाच्या रस्त्यावर तो नियम बरोबरच आहे. पण आमच्या जिल्ह्यात धान ट्रॅक्टर-ट्रॉलीवर निघतो आणि माणसं मोटरसायकलवर. गोंदियाचा फाटा आखताना तासांच्या हिशेबाशेजारी आणखी एक रकाना हवा: त्याला समांतर जाणारा साधा रस्ता कोण सांभाळणार, आणि अर्जुनी मोरगावहून संध्याकाळी सातनंतर निघणारी एसटी कोणती.