आपला वसीम, तुमचा वसीम

मागच्या पावसाळ्यात आम्ही दोन तासिका जोडून नववीच्या मुलांना मुहम्मद अलीवरचा एक माहितीपट दाखवला. 'द ट्रायल्स ऑफ मुहम्मद अली' हा बिल सीगल यांचा 2013 सालचा माहितीपट. भाषा इंग्रजी, मुले उर्दू माध्यमाची. तेव्हा निवडक भाग लावायचे, थांबवायचे आणि समजावून सांगायचे, असे चालले होते. माहितीपटाची सुरुवातच विलक्षण आहे. 1968 साली दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमात एक अमेरिकन गृहस्थ अलीला तोंडावर नाही नाही ते बोलतो आहे. लगेच पुढचे दृश्य 2005 सालचे: अमेरिकेचा अध्यक्ष त्याच अलीच्या गळ्यात देशाचे सर्वोच्च नागरी पदक घालतो आहे. माणूस तोच, धर्म तोच, देशही तोच. मध्ये 37 वर्षे गेली एवढेच.

दिवे लागल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, वसीम जाफरपे ऐसी पिक्चर बनी तो उस में क्या दिखाएंगे?"

मुले हसली. आम्हीही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

दाखवायचेच म्हटले तर पहिली रिळे सोपी आहेत. मुंबईतल्या एका बस ड्रायव्हरचा मुलगा. 1996-97च्या हंगामात, प्रथम श्रेणीच्या दुसऱ्याच सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध नाबाद 314 धावा. 2000 साली वानखेडेवर कसोटी पदार्पण, मग संघाबाहेर, मग पुन्हा आत. एकूण 31 कसोट्या, 5 शतके. त्यांत दोन द्विशतके, एक 2006 साली वेस्ट इंडीजमध्ये अँटिग्वाला आणि दुसरे 2007 साली कोलकात्यात पाकिस्तानविरुद्ध. 2008 नंतर कसोटी संघाचे दार बंद झाले ते झालेच. सरासरी 34. म्हणजे माहितीपट प्रामाणिक असेल तर त्याला हेही सांगावे लागेल, की मोठ्या रंगमंचावर हा माणूस आपल्या गुणांएवढा मोठा झाला नाही. पण रणजी करंडकात त्याच्याएवढ्या धावा कोणी केलेल्या नाहीत: 12,038. प्रथम श्रेणीच्या 260 सामन्यांत 19,410 धावा आणि 57 शतके करून 2020च्या मार्चमध्ये तो निवृत्त झाला.

आम्हा नागपूरकरांना तर आकडे पाठ करावे लागत नाहीत. त्याचे पहिले कसोटी शतक आमच्याच गावात झाले. मार्च 2006, इंग्लंडविरुद्धची कसोटी, सिव्हिल लाइन्समधले विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे जुने मैदान. आम्ही तेव्हा कोवळ्या वयात होतो, उसने पैसे घेऊन शेवटच्या दिवशी गेलो होतो. पहिल्या डावात 81, दुसऱ्यात 100. सामना अनिर्णित राहिला, पण त्याची ती सरळ, न घाई करणारी बॅट डोळ्यांत राहिली. दाढी राखलेला, कमी बोलणारा तो तरुण शंभरावर पोहोचला तेव्हा अवघे मैदान उभे होते. शेजारी कोण उभे आहे, हे कोणी पाहत नव्हते.

पुढे 2015मध्ये तो मुंबई सोडून विदर्भाकडून खेळू लागला. मधला एक हंगाम दुखापतीत गेला, म्हणून 2017-18चा हंगाम आपण मानधन न घेता खेळलो, असे त्याने स्वतः सांगितले आहे. त्याच हंगामात विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. कर्णधार नागपूरचाच फैज फजल. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक, अक्षय वाडकरचे शतक, आणि 1 जानेवारी 2018 रोजी दिल्ली हरली. मार्चमध्ये इराणी करंडकासाठी जाफर जामठ्याला उतरला तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. त्याने 286 धावा केल्या. पुढच्या हंगामात त्याच्या हजाराहून अधिक धावा झाल्या आणि करंडक पुन्हा नागपुरात राहिला.

त्या दिवसांत रामदासपेठेत आमचे नेहमी जाणे-येणे असे. अम्मीचे उपचार तिथल्या एका दवाखान्यात चालू होते. रामदासपेठ म्हणजे दवाखान्यांची वस्ती. गल्लीगल्लीत नातेवाईक बाकांवर बसलेले आणि फाटकाबाहेर चहाचे ठेले. आमचा ठरलेला ठेला होता. 2018च्या त्या जानेवारीत ठेलेवाले भाऊ आम्हाला पाहताच ओरडले होते, "पाहिलं ना सर? आपल्या वसीमनं अन् पोट्ट्यांनी कप आणला!" त्या दिवशी त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

तीन वर्षांनी, फेब्रुवारी 2021मध्ये आम्ही त्याच ठेल्यावर उभे होतो. करोनाचे दिवस, तोंडाला मास्क, ग्लासाऐवजी कागदी कप. भाऊंनी चहा ओतता ओतता विचारले, "काहून हो सर, तुमच्या वसीमचं हे काय निघालं?"

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. सहज विचारले होते. म्हणूनच तो शब्द आत रुतला. तीन वर्षांत 'आपला' वसीम 'तुमचा' झाला होता. आम्ही चहा संपवला, पैसे दिले आणि काही न बोलता निघून आलो.

झाले होते असे. जून 2020मध्ये जाफर उत्तराखंडच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. हाच तो संघ, ज्याच्याविरुद्ध त्याने 2019च्या उपांत्यपूर्व सामन्यात नागपुरात 206 धावा केल्या होत्या. फेब्रुवारी 2021मध्ये त्याने राजीनामा दिला. कारण दिले ते असे की, निवड समिती आणि पदाधिकारी संघनिवडीत हस्तक्षेप करतात आणि पात्र नसलेल्या खेळाडूंना पुढे रेटतात. राजीनाम्याच्या मागोमाग वर्तमानपत्रांत वेगळीच हकिकत आली: जाफरने संघात धर्म आणला, मुसलमान खेळाडूला कर्णधार करण्याचा आग्रह धरला, नमाजासाठी मौलवींना मैदानावर बोलावले, संघाची धार्मिक घोषणा बदलली.

त्याने पत्रकारांपुढे येऊन एकेक आरोप नाकारला. कर्णधारपदासाठी आपण जय बिस्टाचे नाव सुचवले होते, इक्बाल अब्दुल्लाला निवड समितीने केले. जुम्याच्या नमाजासाठी मौलवींना इक्बालने बोलावले, तेही व्यवस्थापकाची परवानगी घेऊन आणि सराव संपल्यावर. घोषणेबद्दल त्याचे म्हणणे होते की, आपण राज्यासाठी खेळतो, तर घोषणेत राज्याचे नाव असावे. अनिल कुंबळे यांच्यासारख्या काही मोजक्या लोकांनी उघडपणे त्याची बाजू घेतली. बहुतेक मोठी नावे गप्प राहिली.

घोषणेच्या मुद्द्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. देवाचे नाव घेऊन मैदानात उतरणे हा काही गुन्हा नव्हे. आपल्या सैन्याच्या कित्येक पलटणींच्या घोषणा देवतांच्या नावाच्या आहेत आणि त्यांत कोणाचे वाईट चिंतलेले नाही. ती सवय मोडू नये असे कोणाला वाटले, तर त्याला लगेच जातीयवादी म्हणणे अन्यायाचे होईल. पण जो माणूस स्वतःच्या धर्माची नव्हे, तर राज्याच्या नावाची घोषणा सुचवतो, त्याला जातीयवादी म्हणणे कुठल्या न्यायात बसते? नमाजाचेही तसेच. करोनाकाळातला नियम मोडला असेल तर तो नियमाचा प्रश्न. पूजेसाठी मोडला काय आणि नमाजासाठी मोडला काय, दंड सारखाच असावा.

इथवर आमचे वाचक आमच्याशी सहमत असतील. खरी अडचण पुढे आहे.

त्या आठवड्यात आमच्या समाजातही दुसरा विषय नव्हता. मशिदीच्या पायरीवर, शिक्षकांच्या खोलीत, मोबाइलवर, सगळीकडे वसीम. त्याच्या नमाजाचा बचाव करायला आम्ही सगळे धावलो. कोणी त्याला शेर म्हटले, कोणी मर्द-ए-मोमिन म्हटले. पण त्याने राजीनामा कशासाठी दिला, हे आमच्यापैकी किती जणांनी वाचले? त्याची तक्रार नमाजाबद्दल नव्हतीच. ती निवडीबद्दल होती. ज्याचा हक्क आहे तो बाहेर बसतो आणि ज्याचा नाही तो आत येतो, हे मी चालवून घेणार नाही, एवढेच तो म्हणत होता. आरोप करणाऱ्यांनी त्याच्या दाढीवर बोट ठेवले आणि आम्हीही दाढीच कवटाळली. मूळ प्रश्न मात्र दोन्ही बाजूंनी मिळून दफन केला.

आम्हाला वाटते, एखाद्याची श्रद्धा पाहायची असेल तर तो हात कसे बांधतो यापेक्षा त्या हातांनी यादी कशी लिहितो, ते पाहावे. आपल्याकडे अदल आणि अमानत हे दोन शब्द लहानपणापासून कानी पडतात. अदल म्हणजे केवळ काझीची खुर्ची नव्हे आणि अमानत म्हणजे केवळ दुसऱ्याने ठेवायला दिलेली रक्कम नव्हे. अकरा मुलांची नावे लिहिण्याचा अधिकार हीसुद्धा अमानत आहे.

हे लिहिताना आमचा हात अडखळतो, कारण आम्हीही अशी एक यादी लिहिलेली आहे. 2019च्या हिवाळ्यात शाळेचा क्रिकेट संघ आंतरशालेय स्पर्धेला जायचा होता आणि निवड आमच्याकडे होती. फळांची हातगाडी लावणाऱ्या एका माणसाचा मुलगा लेगस्पिन टाकत असे; आम्ही त्याचे नाव सर्वांत आधी लिहिले होते. आदल्या दिवशी वरून शब्द आला, की अमक्याच्या मुलाला घ्या. आम्ही एक नाव खोडले आणि दुसरे लिहिले. नोकरी नवी होती, घरी अम्मीचे आजारपण होते, शब्द टाकणारे वजनदार होते. सगळी कारणे खरी आहेत आणि त्यांतले एकही पुरेसे नाही. मुलाने काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेचा चेंडू आणून टेबलावर ठेवला आणि सलाम करून गेला. त्यानंतर तो खेळायला आला नाही.

तो मुलगा मुसलमान, ज्याला घेतले तो मुसलमान, शब्द टाकणारे मुसलमान आणि यादी लिहिणारे आम्हीही मुसलमान. तिथे कोणाला धर्म आठवला नाही. सव्वा वर्षाने वसीमसाठी आम्ही पोटतिडकीने बोलत होतो, तेव्हा तो चेंडू आमच्या टेबलावर असल्यासारखा दिसत होता.

हा रोग कोण्या एका समाजाचा नाही. मुंबईत एके काळी धर्माच्या नावाने संघ उतरत; 1937पासून हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'इतर' अशी पंचरंगी स्पर्धा होई. 1940 साली गांधीजींनी त्याविरुद्ध मत दिले आणि 1946 साली ती बंद पडली. त्याआधीच्या काळातली गोष्ट पाळवणकर बाळूची. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा गोलंदाज हिंदू संघाचा आधार होता. पण जन्माने चांभार म्हणून त्याला कर्णधार केले नाही. तो मान पुढे 1923 साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाला. म्हणजे धर्म एक असूनही यादीत न्याय नव्हता. अन्यायाला धर्माचे निमित्त मिळाले तर तो घेतो. नाही मिळाले तर जात घेतो, नाते घेतो, ओळख घेतो.

आणि अली? 28 एप्रिल 1967 रोजी त्याने सैन्यात भरती व्हायला नकार दिला. विजेतेपद गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली, ऐन पंचविशीतली साडेतीन वर्षे रिंगबाहेर गेली. 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. श्रद्धेसाठी त्याने किंमत मोजली, यात शंका नाही. पण त्याच अलीने अडचणीच्या वेळी आपला मित्र माल्कम एक्स याच्याकडे पाठ फिरवली, जो फ्रेझिअरला घाणेरडी नावे ठेवली. पुढे दोन्हींचा त्याने जाहीर पश्चात्ताप केला. आम्ही मुलांना हे सांगितले तेव्हा काहींचे चेहरे उतरले. उतरू द्यावेत. निष्कलंक नायक पूजेला बरा असतो, पण त्याच्याकडून काही शिकता येत नाही. चुकलेला आणि चूक कबूल करणारा माणूसच आमच्यासारख्यांच्या उपयोगी पडतो.

जाफर काही अली नाही. त्याने व्हावे अशी अपेक्षाही आम्ही धरू नये. सरकारशी झुंजायला तो निघाला नव्हता. त्याला फलंदाजी करायची होती आणि नंतर ती शिकवायची होती. त्याच्यावर कौमचा झेंडा आम्ही ठेवला, जसा दुसऱ्यांनी आरोप ठेवला. 'तुमचा वसीम' हा शब्द भाऊंनी उच्चारला खरा, पण त्याला एकट्या स्वतःचा करून घेण्यात आमचाही हात होताच.

गेल्या आठवड्यात त्या मुलाला बोलावले. म्हटले, "बेटा, पिक्चर बनली तर 286 धावा दाखवतील, आरोप दाखवतील, त्याचे उत्तरही दाखवतील. पण मी बनवली असती तर राजीनामा आधी दाखवला असता. संघ कोणी निवडायचा, कशावर निवडायचा, त्यावर भांडण कसे झाले, ते सगळे."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "सर, उस में तो किसी को मजा नहीं आएगा."

खरे आहे. मजा येणार नाही. आम्ही मान हलवली आणि या वर्षीच्या संघाची कोरी यादी त्याच्यापुढे ठेवली. म्हटले, "वर्गात सर्वांत चांगला कोण खेळतो, त्यांची नावे सांग. कोणाचा कोण आहे, ते सांगू नकोस."