आधी पाहुणे, मग वैद्य



18 ऑक्टोबर हा संत लूक यांचा सण. संत पौल आपल्या पत्रात त्यांचा उल्लेख वैद्य म्हणून करतात. त्याच सुमारास, ऑक्टोबरमधील शेवटून दुसऱ्या रविवारी, ख्रिस्तसभा मिशन रविवार साजरा करते. पोप अकरावे पायस यांनी 1926 साली ही प्रथा सुरू केली. वैद्य आणि मिशन हे शब्द एकत्र आले की आपल्याला दूरच्या गावात उतरणारे डॉक्टर, औषधांचे खोके आणि रुग्णांची रांग आठवते. आज आपण त्या उतरण्याचाच विचार करू या. परक्या गावात प्रभूच्या नावाने उतरायचे कसे?

संत लूक यांच्या सणाचे शुभवर्तमान (लूक 10:1-9) याचे उत्तर देते. प्रभू येशू बहात्तर जणांना दोघादोघांनी पाठवतो. थैली, झोळी, वहाणा काही घेऊ नका, असे सांगतो. ज्या घरी जाल तेथे शांती द्या, त्याच घरी राहा, पुढे वाढतील ते खा, आजाऱ्यांना बरे करा आणि देवराज्य जवळ आले आहे असे सांगा. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. बरे करण्याआधी जेवणे आहे. शिष्य आधी पाहुणा होतो, यजमानाच्या हातचे घेतो, आणि मगच त्याच्या दुखण्याला हात लावतो. डॉक्टरांना औषधांची पेटी न्यावीच लागेल. घरी ठेवायचा तो देणाऱ्याचा ताठा.

आपल्याच राज्यातील नंदुरबारकडे पाहा. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून हा जिल्हा वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे 16 लाख 48 हजार असून त्यांपैकी जवळपास 69 टक्के लोक आदिवासी आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे सेवक समुद्र ओलांडून या पश्चिम खानदेशात आले. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथे 1942 साली ख्रिस्ती दवाखाना उभा राहिला. ही मंडळी कॅथलिक नव्हती, पण प्रभूचीच होती. पुढे तो दवाखाना इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय संस्थेकडे आला. परदेशी पाहुणे गेले, पण दवाखाना गेला नाही. उतरणाऱ्यांची खरी कसोटी येथे आहे: आपण निघून गेल्यावर मागे काय राहते?

परदेश म्हणजे पासपोर्ट लागतो तोच, असे नाही. वसईहून किंवा नाशिकहून आपण धडगावला गेलो तर राज्य आपलेच असते, पण पाड्यावरच्या आजीला आपली पुस्तकी मराठी परकी वाटते. तेथे पावरी, भिली, मावची या बोली नांदतात. 'पोटात दुखते की छातीत जळजळते?' एवढे विचारायलाही गावातील एखादी आशाताई सोबत लागते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीला परततात. हे न विचारता आपल्या सोयीने जानेवारीत शिबिर ठेवले, तर ज्यांच्यासाठी आपण गेलो तेच घरी नसतील. ज्या पाड्यांवर रस्ता नाही, तेथून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खांद्यावर आणावे लागते. ती झोळी वाहणारे आपल्या आधीपासून सेवेत आहेत. आपण त्यांच्या कामात सहभागी व्हायला जातो.

आता एक कठीण गोष्ट बोलू या. एका दिवसाच्या शिबिराने खोकल्याचे औषध देता येते, पण क्षयरोगाचे औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते. सिकलसेल हा आजार तर जन्मभराचा. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आपण रक्त तपासले, कागदावर शिक्का मारला आणि संध्याकाळी गाडीत बसलो, तर त्या मुलीच्या हाती काय उरेल? तिला कोणी समजावले नसेल, तर लग्न ठरताना तोच कागद तिच्या आड येईल. ज्याचा पाठपुरावा करता येणार नाही अशी तपासणी ही अर्धवट प्रीती आहे. भल्या शोमरोनीने जखमा बांधल्या, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, मालकाकडे पैसे दिले आणि परत येण्याचे वचन दिले.

डॉ. मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टर 1920 साली गुंटूरला आल्या आणि धर्मभगिनी झाल्या. त्या काळी धर्मभगिनींना डॉक्टरकी करण्याची मुभा नव्हती. त्यांना पोप महोदयांकडून खास परवानगी मिळाली. त्यांनी स्वतः असंख्य रुग्ण पाहिलेच, शिवाय स्थानिक स्त्रियांना परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण दिले. 1943 साली त्यांनी कॅथलिक रुग्णालयांची अखिल भारतीय संघटना उभी केली. ती आजही कार्यरत आहे. त्या 1957 साली भारतातच देवाघरी गेल्या. पाहुणी म्हणून आलेली ही बाई घरची झाली.

कोणी म्हणेल, 'एवढे करून त्यांनी प्रभूला स्वीकारले नाही तर?' दहा कुष्ठरोगी आठवा. आभार मानायला एकच परतला. प्रभूला खंत वाटली, पण त्याने उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य काढून घेतले नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2005 सालच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात हेच शिकवले आहे: ख्रिस्ती प्रीती विनामूल्य असते, दुसरे काही साधण्याचे ते साधन नव्हे. औषधाच्या गोळीला अट जोडली तर ते आमिष ठरते. आणि आमिषाने शुभवर्तमान पोहोचत नाही, ते मलिन होते.

म्हणून आपल्या धर्मग्रामातून कोणी डॉक्टर, परिचारिका किंवा तरुण अशा सेवेला निघतील, तेव्हा आपण सारे मिळून तीन गोष्टी पाहू या. तेथील धर्मगुरू, सिस्टर्स किंवा आरोग्य केंद्र यांनी आपल्याला बोलावले आहे का? सापडलेल्या रुग्णांना पुढच्या महिन्यात कोण भेटणार आहे? आणि त्या घरची ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ आपण आनंदाने खाणार आहोत का? जे जाऊ शकत नाहीत, त्यांनी मिशन रविवारच्या दानपेटीत टाकताना एखाद्या रुग्णाचे सहा महिने डोळ्यांसमोर ठेवावेत. तेथील एखादी मुलगी नर्सिंग शिकणार असेल, तर तिची फी भरणे हेही मिशनकार्यच आहे. ती शिकून आपल्याच लोकांत परतली, तर तिला दुभाष्या लागणार नाही.

हे प्रभू येशू, तू स्वतः आमच्यामध्ये पाहुणा म्हणून आलास आणि आमच्या हातची भाकर खाल्लीस. आम्हांला दुसऱ्याच्या उंबऱ्यावर नम्रतेने उभे राहायला शिकव. आमचे हात तुझ्या आजारी लेकरांसाठी वापर आणि सुरू केलेली सेवा अर्ध्यावर सोडू देऊ नकोस. संत लूक, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.