मांजराच्या शरीराने टाकून दिलेल्या गोष्टी

दुधात पोळी कुस्करून ताटली भिंतीकडेला सरकवली की मांजराचं जेवण झालं, ही आपल्याकडची जुनी समजूत. पूर्वी ती खपून गेली, कारण मांजर त्या ताटलीवर जगतच नव्हतं. कोठीतले उंदीर, परसातल्या पाली, नाकतोडे, मासे साफ करताना बाजूला पडलेली आतडी-डोकी यांवर त्याचं पोट भरे; दूधपोळी हे आपलं वरखाणं. आता तेच मांजर फ्लॅटमध्ये आलं, खिडकीला जाळी बसली, उंदीर संपले. ताटली मात्र बदलली नाही.

मांजराला काय द्यावं, काय देऊ नये याच्या याद्या पुष्कळ मिळतात. त्या पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मग यादीतली निम्मी कलमं आपोआप उलगडतात. मांजराचं कूळ लाखो वर्षं मांसावरच जगलं. जे मांसातून आयतं मिळत होतं ते स्वतः बनवायची सोय आणि जे मांसात नव्हतंच त्याला तोंड द्यायची सोय, दोन्ही त्याच्या शरीराने मोडीत काढल्या. न लागणारं भांडं आधी माळ्यावर जातं आणि मग भंगारात, तसंच हे.

सगळ्यात निरुपद्रवी उदाहरण गोडाचं. मांजराला गोड चव कळतच नाही. ती ओळखणारं एक जनुक त्याच्यात निकामी झालेलं आहे, हे 2005 साली अमेरिकेतल्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. तुमच्या घरचं मांजर पेढ्यावर झडप घालत असेल तर ती त्यातल्या खव्यासाठी, साखरेसाठी नव्हे.

टॉरिनची गोष्ट मात्र गंभीर आहे. हा पदार्थ मांस-मासळीत भरपूर असतो, धान्य-भाज्यांत जवळजवळ नसतोच. आपण तो शरीरात थोडाफार बनवतो, कुत्राही बनवतो. मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही. 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांना प्रथिन म्हणून केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, देण्यात आलं होतं. त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजत गेला. पुढे 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी दाखवलं, की टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदयही सैलावतं, आणि टॉरिन दिलं तर सुधारतं. आजारी पडलेल्या त्या मांजरांपैकी बरीचशी बाजारातलं तयार खाणंच खात होती! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं.

म्हणून दूधपोळी हे मांजराचं जेवण नव्हे. शिवाय आईचं दूध सुटल्यावर दूध पचवण्याची ताकद ओसरते, आणि अनेक मांजरांना जुलाब लागतात ते वेगळंच. कुत्र्याचं पाकीटही मांजराला पुरत नाही, कारण ते बनवताना टॉरिन कुत्रा स्वतः तयार करतो हे गृहीत धरलेलं असतं. घरी चिकन उकडत असाल तर पाणी फेकू नका; टॉरिन त्यात उतरतं. छातीच्या तुकड्यापेक्षा तंगडीत ते जास्त असतं. गाजरातून अ जीवनसत्त्व बनवणंही मांजराला जमत नाही, ते त्याला तयारच हवं. पण म्हणून स्वस्त मिळते तर रोज कलेजी, असंही नको. अ जीवनसत्त्व साचून मानेचे मणके जखडलेली मांजरं पशुवैद्यांना ठाऊक असतात.

आता त्याच रिकाम्या जागेची दुसरी बाजू. वनस्पतींतले कित्येक घटक यकृतात निष्प्रभ करणारी एक यंत्रणा मांजरात मोडकी आहे. पालापाचोळा खायचाच नव्हता, तर ती हवी कशाला? पण पॅरासिटामॉल शरीराबाहेर काढायला नेमकी तीच लागते. अंग कोमट लागलं म्हणून प्रेमाने चुरून दिलेली 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड-पंजे सुजतात, धाप लागते. हे दिसण्याची वाट पाहू नये. गोळी पोटात गेल्याचं कळताच पशुवैद्याकडे धावावं.

कांदा-लसणाचं कारण थोडं वेगळं. मांजराच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मुळातच हळवं. कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांनी तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्याने हा दोष जात नाही, त्यामुळे रश्श्यात बुडवलेली पोळी किंवा रश्श्यातून धुऊन काढलेला चिकनचा तुकडा, दोन्ही नको.

घरात मांस शिजत नसेल तर मांजरासाठी तयार खाणं आणावं, यात कमीपणा काही नाही. पाकिटावर ते मांजरासाठीच आहे, पूर्ण आहार आहे आणि त्यात टॉरिन आहे, एवढं वाचून घ्या. ‘ट्रीट’ म्हणून विकतात ते जेवण नव्हे. बदल आठ-दहा दिवसांत, जुन्यात नवं मिसळत करा. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट कुत्र्यापाशी एखादेवेळी चालतो. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकतं.

आणि वर्षानुवर्षं दूधपोळीवर असलेलं मांजर वरून धडधाकट दिसत असलं तरी एकदा तपासून घ्या. टॉरिनअभावी थकलेलं हृदय वेळेत कळलं तर बहुधा सावरतं. डोळ्याचा झिजलेला पडदा परत येत नाही.