मस्टरवरचा सैनिक

खारघर ही नोकरदारांची वस्ती. सकाळच्या हार्बर लोकलमध्ये रेल्वे, बँक, बंदर, तेल कंपनी, महापालिका अशा सगळ्या खात्यांची ओळखपत्रं गळ्यांत दिसतात. यांतल्या कुणी प्रादेशिक सेनेत नाव घातलं, तर त्याला दरवर्षी प्रशिक्षणासाठी वर्दी चढवावी लागते आणि बोलावणं आलं तर सीमेवरही जावं लागतं. त्या काळात त्याच्या घराचे हप्ते कसे फिटायचे आणि परतल्यावर त्याची खुर्ची जागेवर असेल का, हे प्रश्न वरवर आस्थापना शाखेचे वाटतात. खरं तर ते नागरिक आणि राज्य यांच्यातल्या देण्याघेण्याचे आहेत.

या देण्याघेण्याची गोष्ट जुनी आहे. ब्रिटिश राजवटीत १९१७ मध्ये इंडियन डिफेन्स फोर्स उभी राहिली, तेव्हा युरोपियनांना ती सक्तीची आणि हिंदी लोकांना ऐच्छिक होती. टिळकांनी पुण्यात तरुणांना तीत दाखल होण्याचं आवाहन केलं. स्वराज्य मागायचं तर देशाच्या रक्षणाचा भारही उचलायला हवा, ही त्यामागची भूमिका. १९२० मध्ये गोऱ्यांसाठी ऑक्झिलरी फोर्स आणि हिंदी लोकांसाठी टेरिटोरियल फोर्स, अशी वेगवेगळी दलं झाली. परक्या सत्तेच्या लेखी ही सेवा म्हणजे राजनिष्ठा होती.

स्वातंत्र्यानंतर नातं बदललं. १९४८ चा प्रादेशिक सेना कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी या सेनेचं उद्घाटन केलं. इथला सैनिक आधी कमावता नागरिक असतो. ही सेना त्याचा पोटापाण्याचा धंदा नव्हे. म्हणूनच लष्करी सेवेवरून परतलेल्याला पूर्वीपेक्षा कमी नाही अशा अटींवर कामावर घेणं, हे कायद्याने मालकाचं कर्तव्य ठरवलं. ते जमलं नाही तर सहा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाईची तरतूद केली. भविष्य निर्वाह निधीचे हक्कही राखले. देशसेवेची किंमत एकट्या घराने मोजू नये, हा विचार इथे कायद्याच्या भाषेत उतरला.

पण मालक आणि सेनापती एकच, म्हणजे सरकारच, असले तर? मे १९७४ च्या रेल्वे संपात प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्या गाड्या चालू ठेवण्यासाठी बोलावल्या गेल्या. काल सहकाऱ्यांबरोबर संपाची चर्चा करणारा कामगार आज लष्करी शिस्तीखाली त्याच रुळांवर उभा होता. नोकरीचं संरक्षण हा कामगाराचा हक्क. त्याच्या वर्दीचा त्याच्याच संघटनेविरुद्ध वापर होणं मला त्या हक्काशी विसंगत वाटतं.

आज प्रश्न आणखी पुढे गेला आहे. मे २०२५ मध्ये सरकारने प्रादेशिक सेनेच्या ३२ पायदळ बटालियन्सपैकी १४ कामावर बोलावण्याची मुभा लष्करप्रमुखांना दिली. अशा वेळी कायम कर्मचाऱ्याच्या पाठीशी सेवापुस्तक असतं. त्याच कार्यालयातल्या कंत्राटी माणसाचं काय? त्याचं कंत्राट मधल्या काळात संपलं, तर त्याने परतायचं कुठल्या जागेवर?

म्हणून पुढचं पाऊल स्पष्ट दिसतं. सार्वजनिक कार्यालयांच्या प्रत्येक कंत्राटात लष्करी सेवेच्या काळातला पगारातला फरक भरून देण्याची आणि परत रुजू करून घेण्याची हमी लिहिलेली असावी, आणि तिचा खर्च ठेकेदाराने नव्हे, सरकारने सोसावा. रक्षण सगळ्यांचं होतं, तर बिलही सगळ्यांच्या तिजोरीतून फेडलं पाहिजे.