पेटीची किल्ली कोणाच्या हातीं?

वाचनाचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ६, वचनें १ ते ७



यरुशलेमेंतील पहिली मंडळी प्रीतीनें एकत्र राहत होती, हें आपण पुष्कळ वेळां ऐकतों. परंतु त्याच मंडळींत अन्नाच्या वाटणीवरून कुरकुर उठली होती, हें आपण तितक्या वेळां सांगत नाहीं. तेथें गरीब विधवांस रोज अन्न वाटलें जात असे. पण ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची त्या वाटणींत उपेक्षा होई. वाटणारे दुष्ट होते, असें शास्त्र म्हणत नाहीं. परंतु मनुष्याचे पाय ओळखीच्या दाराकडे आधीं वळतात, आणि अनोळखी दार राहून जातें. भुकेल्या विधवेस मात्र, तिला द्वेषानें वगळलें कीं विसरून वगळलें, दोन्ही सारखेंच.

प्रेषितांनीं काय केलें, तें नीट पाहा. त्यांनीं कुरकुर करणाऱ्यांस दटाविलें नाहीं. त्या विधवांस चार दिवस अधिक अन्न देऊन गोष्ट मिटविलीही नाहीं. त्यांनीं मंडळीकडून सात पुरुष निवडून घेतले, आणि तें कामच त्यांच्या स्वाधीन केलें. त्या सातांचीं नांवें वाचा : स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना व नीकलाव. सातही नांवें ग्रीक आहेत! यावरून असें दिसतें कीं, ज्यांच्या विधवा उपाशी राहिल्या, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातीं सर्व मंडळीचें कोठार गेलें. ज्यांस वाटा मिळत नव्हता, ते आतां वाटणारे झाले.

भाकर देणें ही दया आहे. पण कोठाराची किल्ली देणें हा न्याय आहे. हा भेद ध्यानीं येण्यासाठीं दूरच्या एका देशाचें उदाहरण घेऊं.

अमेरिकेंत १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. ती मोडणाऱ्या तेथील सदाचारी लोकांस आपल्या जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें. परंतु बेडी तुटली, तरी तिजोरी उघडली नाहीं. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णी लोक कर भरीत. पण शाळांचा पैसा वाटणारीं मंडळें गोऱ्यांचीं होतीं. त्यामुळें गोऱ्या मुलांस चांगल्या इमारती मिळत, आणि कृष्णवर्णी मुलें पडक्या खोपटांत किंवा देवळांत बसून शिकत.

गुलामगिरींत जन्मलेले बुकर टी. वॉशिंग्टन हे अलाबामा राज्यांत टस्कीगी येथील विद्यालयाचे प्रमुख होते. त्यांच्या सल्ल्यानें शिकागोचे यहूदी व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनीं १९१२ सालीं खेड्यांतील शाळा बांधावयास मदत देण्यास आरंभ केला. नियम असा होता कीं, गांवच्या लोकांनींही आपला वाटा उचलावा. १९३२ सालापर्यंत पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. एकंदर खर्च सुमारें २ कोटि ८० लक्ष डॉलर झाला. त्यांत अधिक भाग सरकारी कराचा होता. रोझेनवाल्ड फंडानें सुमारें ४४ लक्ष दिले. आणि त्या गरीब कृष्णवर्णी लोकांनीं सुमारें ४७ लक्ष दिले! म्हणजे शाळांस ज्याचें नांव पडलें, त्याच्याहून ज्यांचें नांव कोणी घेत नाहीं, त्यांनींच अधिक दिलें. त्यांनीं लांकूड, जमीन व अंगमेहनतही दिली.

बोलिजी नांवाच्या खेड्यांत गुलामगिरीचे दिवस पाहिलेल्या एका म्हाताऱ्यानें वर्गणीच्या सभेंत आपली जुनी पिशवी मेजावर रिकामी केली, अशी नोंद आहे. जन्मभराची सांठवण ३८ डॉलर होती. मंदिराच्या भांडारांत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेस आपल्या प्रभूनें पाहिलें. तो या म्हाताऱ्यासही पाहत नव्हता काय?

रोझेनवाल्ड यांची उदारता खरी होती. तिला उणें बोलणें पाप होईल. तथापि त्या गरिबांनीं आधीं कर भरला, मग वर्गणी भरली, आणि एका शाळेसाठीं दोनदां दिलें. इतकें करून ती शाळा सरकारी शाळा-मंडळाच्या नांवें करून द्यावी लागे, आणि मंडळावर गोरेच असत. आरंभीं हें काम टस्कीगीच्या कृष्णवर्णी कारभाऱ्यांकडे होतें. पुढें इमारतींच्या बांधकामांत उणिवा दाखविल्या गेल्या, आणि १९२० सालीं कचेरी नॅशव्हिल येथें नेऊन एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या हातीं दिली गेली. बंधूंनो, उणीव दिसली म्हणजे भावास शिकवावें, कीं त्याच्या हातची किल्ली काढून घ्यावी?

ही जुनी गोष्ट झाली, असें म्हणूं नका. २०२० सालीं एकोइंग ग्रीन व ब्रिजस्पॅन या अमेरिकन संस्थांनीं होतकरू समाजसेवी संस्थांची तपासणी प्रसिद्ध केली. कृष्णवर्णी पुढाऱ्यांच्या संस्थांचें उत्पन्न गोऱ्या पुढाऱ्यांच्या संस्थांहून शेंकडा २४ नें कमी आढळलें. आणि आपल्या विचारानें खर्चावयाचा जो मोकळा निधि, तो शेंकडा ७६ नें कमी! दान कमी, पण विश्वास त्याहून कितीतरी कमी.

आतां आपल्या मंडळीकडे वळूं. दुसऱ्याच्या अंगणांतील केर दाखविणें सोपें असतें. आपल्या मूठधान्याची हंडी कोणाच्या घरीं राहते? हिशेबाची वही कोण लिहितो? पूर्वीच्या जातीचें नांव आपण तोंडानें सोडलें, पण पंच नेमतांना मनांत तेंच मोजतों काय? दुष्काळाचें धान्य आलें, तर वस्तीच्या टोंकाच्या घरास शेवटीं बोलावितों, आणि त्या घरच्या माणसास मापावर कधींच बसवीत नाहीं, असें तर होत नाहीं ना?

कोणी म्हणेल, “त्यांस हिशेब येत नाहीं.” ज्यास कधीं वही दिली नाहीं, त्यास हिशेब कोठून येणार? प्रेषितांनीं चांगलें नांव, पवित्र आत्मा व शहाणपण, इतकेंच पाहिलें. आणि हें माप सर्वांस एकच असो. पौलानें यरुशलेमेसाठीं वर्गणी गोळा केली, तेव्हां ती नेण्यास मंडळ्यांनीं निवडलेले बंधु सोबत घेतले, कोणी दोष ठेवूं नये म्हणून. म्हणजे पौलासारख्यानेंही पैसा एकट्याच्या हातीं ठेविला नाहीं. विश्वास ठेवावा आणि हिशेब उघडा असावा. एकानें दुसरें खोटें ठरत नाहीं.

उपदेशक बंधूंनो, येत्या सभेंत एक काम करा. ज्या घरास आजवर केवळ घेणारें म्हणून ओळखलें, त्यांतील एका विश्वासू मनुष्यास, पुरुष असो कीं स्त्री, वही शिकवा, आणि पुढल्या वर्षीं पेटीची किल्ली तिच्या किंवा त्याच्या हातीं द्या.

त्या सातांवर हात ठेवल्यावर काय झालें, हें लूक लागलेंच सांगतो : देवाचें वचन पसरत गेलें, आणि शिष्यांची संख्या फार वाढली. किल्ली दिल्यानें कोठार रिकामें झालें नाहीं, मंडळी भरली.

ज्यानें आपलें राज्य गरिबांस देऊं केलें, तो प्रभु आपली घट्ट मूठ उघडो. आमेन.