दिसणारं दुखणं

माणसाला दुखणं व्हायचंच असेल तर ते दिसणारं व्हावं. पाठदुखी, अर्धशिशी, चक्कर ही सगळी बिचारी बेवारस दुखणी. त्यांना पुरावा नसतो. आणि बँकेत काय किंवा घरात काय, व्हाउचरशिवाय कुणी काही मान्य करत नाही. पायाचं प्लॅस्टर मात्र सही-शिक्क्यासह येतं.

मला हे व्हाउचर पैठण रस्त्यावर एका मोटारसायकलवाल्याने मिळवून दिलं. नडगीचं हाड मोडलं. प्लॅस्टर घालण्याचा प्रकार मात्र पाहण्यासारखा असतो. आधी कापसाचा थर, त्यावर ओल्या पट्ट्यांचे वेढे. पाच-दहा मिनिटांत सगळं घट्ट, आणि आतून चक्क ऊब लागते. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. जिप्सम भाजून त्यातलं पाणी काढलेलं असतं. ते पाणी परत मिळालं की ऊब सोडत सोडत त्याचा दगड होतो." कर्ज मंजूर झालेल्या खातेदाराचा स्वभाव मला वीस वर्षं असाच आढळला आहे.

कोरडं प्लॅस्टर सुती पट्टीत चोळून ठेवायची ही युक्ती १८५१ साली हॉलंडमधल्या हारलेम गावी मॅथायसन नावाच्या लष्करी डॉक्टरने काढली. त्याआधी खळीच्या पट्ट्या वापरत. त्या वाळायला दोन-तीन दिवस लागायचे आणि तोवर हाड आपल्या मर्जीने फिरायला मोकळं! आपल्याकडे याच प्लॅस्टरचे गणपती करतात. म्हणूनच की काय, माझ्याही दर्शनाला रांग लागली. चौथ्या आठवड्यात कुबड्या घेऊन चितेगावच्या शाखेत रुजू झालो, तर पासबुकावरून हुज्जत घालणारे खातेदार "असू द्या साहेब, सावकाश" म्हणू लागले. शिपाई न सांगता चहा आणी. एसटीत तर एका कॉलेजकुमाराने उठून जागा दिली. (हे कुणाला खरं वाटत नाही.)

गंमत अशी, की या काळात पाय फारसा दुखतच नव्हता. तो आत साहेबासारखा आराम करत होता.

मग ते काढायचा दिवस आला. करवत पाहून माझा धीर सुटला. पण तिचं पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लॅस्टर कापलं जातं आणि मऊ कातडी पात्याबरोबर हलते, म्हणून वाचते. डॉक्टरांनी आपल्या तळहाताला लावून दाखवली तेव्हा कुठे मी डोळे उघडले. आतून निघालेला पाय माझा नव्हता. कोंडा सुटलेला, काठीसारखा बारीक. न वापरलेले स्नायू वाळतात म्हणे. घोटा वळायला तयार नाही, पाऊल टेकवलं की डोळ्यांत पाणी. खरं दुखणं त्या दिवशी सुरू झालं आणि त्याच दिवशी लोकांनी माझं खातं बंद केलं. "सुटलात एकदाचे!" असं म्हणून साहेबांनी सहा आठवड्यांची तुंबलेली कामं टेबलावर ठेवली. चहा थांबला. तेव्हा मला प्रश्न पडला, की इतके दिवस या मंडळींची दया माझ्यावर होती की जिप्समवर? लोक वाईट नव्हेत हो. पण डोळा हासुद्धा कारकूनच. कागद दिसल्याशिवाय तो काही पास करत नाही.

त्या संध्याकाळी चितेगावच्या थांब्यावर भिंतीला धरून उभा होतो. बाकावर एक आजी होत्या. निराधार योजनेचे पैसे काढायला दर महिन्याला माझ्या काउंटरसमोर रांगेत उभ्या असतात.

"काढलं का पलस्तर? मंग आता लई दुखत आसंल," त्या म्हणाल्या आणि सरकल्या. "बसा सायेब, आर्धी जागा हाय."

"तुम्हाला कसं कळलं, आजी?"

"माझे गुडघे धा वर्सं दुखत्यात. त्याला कोन पलस्तर घालतंय?"

तेवढ्यात एसटी आली. दारात मी म्हणतोय, "आजी, आधी तुम्ही," त्या म्हणताहेत, "सायेब, आधी तुमी." दोघांनाही पायरी चढवत नव्हती. आतून कंडक्टर ओरडला, "अहो, चांगली धडधाकट माणसं तुम्ही, आटपा की लवकर!"